बाळूचा वाटा

आई,

बाळू अजून तुमच्या चटईवर कुणाला बसू देत नाही. तेराव्याला बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, कुणाचा गुडघा कुणाच्या पाठीला लागत होता, आणि भिंतीकडची तुमची चटई मात्र रिकामी. एका बाईंनी नकळत तिच्यावर पाय ठेवला, तर तो गुरगुरला. नुसता गुरगुरला. दात लावायचे नाहीत हे तुम्हीच त्याला शिकवलंत. "कोणाक चावलंस तर भरपाई कोण देतलो? तुझो बापूस?" असं त्याला विचारायचात आणि तो कान पाडून ऐकून घ्यायचा. त्या बाई दचकून उठल्या, मी त्याला ओरडेन म्हणून माझ्याकडे बघत राहिल्या. मी ओरडले नाही. तो स्वतःही चटईवर झोपत नाही, आई. कडेला, गार फरशीवर, एकाच कुशीवर झोपतो. पोटाखालची गाठ त्याला दुसऱ्या कुशीवर झोपू देत नाही.

तुमच्या गावच्या मंडळाचे लोक येऊन गेले. "वहिनी, तुम्ही शिकलेल्या. आमच्या अंकासाठी काकींवर एक पान लिहून द्या. जन्म, लग्न, मुंबईला कधी आल्या, स्वभाव." एकाने तर सुचवलंसुद्धा, "मायाळू होत्या म्हणून लिवा." मायाळू! तुम्ही ऐकलं असतंत तर त्याला चहा न देता वाटेला लावला असतात. तुम्ही मायाळू नव्हतात. तुम्ही हट्टी होतात, तिखट होतात, आणि माझ्या डाळीला लग्न झाल्यापासून शेवटपर्यंत नावं ठेवलीत. जन्मतारीख तर तुम्हालाच ठाऊक नव्हती. म्हणून मी हे मंडळाला नाही, तुम्हालाच लिहिते आहे. त्यांना छापायचं असेल तर छापू दे.

खरं कारण दुसरं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं. त्या रविवारी सकाळी बाळूवरून सुरू झालेलं. त्याचं ऑपरेशन करायचं, की सुई देऊन त्याला सोडवायचं. तुम्ही तुमचं बोललात, मी माझं बोलले, आणि दुपारपर्यंत तुम्ही नव्हतात. आता ठरवायचं एकटीने. भांडायला समोर कुणी नसलं की ठरवणं सोपं होईल असं मला वाटायचं. तसं नाही होत.

मी आमच्या घराण्यातली पहिली बी.कॉम. "आमची सुनबाय पयल्या पाच मिण्टात ता सांगता," अशी तुम्ही माझी नक्कल करायचात. सांगते. का सांगू नये? माझ्या वडिलांना सही करताना घाम फुटायचा. मी रस्त्यावरच्या दिव्याखाली वगैरे अभ्यास केला नाही, घाटकोपरच्या खोलीत पाच भावंडांच्या गोंगाटात केला, आणि बँकेत स्वतःच्या हिमतीवर लागले. तुम्ही शेजारणीला मला ऐकू जाईल अशा बेताने सांगायचात, "मी शिकलेली सून हाडलंय. भाकरी करूक येत नाय, पण सही झोकात करता." त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, ते मला कधी नीट वेगळं करता आलं नाही.

बाळू आला तो संपाच्या वर्षी. तुमच्या विलासची गिरणी बंद. (तुमच्यासमोर मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. आता लिहिते, रागावू नका.) घरात पगार एकच, माझा. आणि तुम्ही गटाराच्या कडेने हे काळं पिल्लू पदरात घालून घेऊन आलात. मी विचारलं, "ह्याला खायला कोण घालणार?" तुम्ही म्हणालात, "बाळ होयत तेवा होयत. तवसर ह्यो बाळू." आई, ते मला लागलं होतं. बाथरूममध्ये नळ सोडून मी रडले होते. पण पुढे तुमच्या चुलत जावेने तोच विषय काढला तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "तुझ्या तिघांनी काय दिवे लावले ते आधी बग." त्यानंतर मला या घरात कुणी काही विचारलं नाही. मी तुमच्याशी कधी त्याबद्दल बोलले नाही. तुम्हीही नाही.

बाळूच्या घशात काटा अडकला तो शनिवार मला लख्ख आठवतो, कारण शनिवारी बँक अर्धा दिवस. मी घरी आले तर तुम्ही दारातच. शिंगाळ्याचं डोकं घातलंत त्याला. मी कितीदा सांगितलं होतं, त्या माशाचे काटे म्हणजे करवत, नका घालू. तर "गावचे कुत्रे दगड चावतत" हे तुमचं उत्तर. आता गावचा कुत्रा अंधेरीत मान वाकडी करून, लाळ गाळत उभा होता.

डॉक्टर शोधायचा. पण कुठे? माणसांचे दवाखाने ओळीने चार, जनावराचा एक नाही. आधी आपण आपल्याच डॉक्टरांकडे गेलो. कंपाउंडर दारात आडवा झाला, "ओ आजी, कुत्रा घेऊन कुठे?" तुम्ही त्याला बाजूला सारत म्हणालात, "गळोच बगूचो आसा. माणसाचो काय नि कुत्र्याचो काय, गिळणा एकच!" बाकावरचे पेशंट हसायला लागले. डॉक्टर बाहेर आले, हात जोडले, म्हणाले, परळला जनावरांचं मोठं हॉस्पिटल आहे, तिथे न्या. परळ! टॅक्सीवाला कुत्रा घेईना. रिक्षावाला तयार झाला, पण रिक्षा वांद्र्याच्या पुढे जात नाही. मी रस्त्यात उभी राहून हिशेब करत होते की वांद्र्याला उतरून पुढे काय. आणि तुम्ही एकदम म्हणालात, "म्हशींका कोण बगता?"

"काय?"

"अगो, हायवेच्या पलीकडे एवढे तबेले. म्हशी आजारी पडनत नायत? त्यांका कोण बगता?"

तबेल्यात तो डॉक्टर होता हे बाळूचं नशीब. बाही वर सारून एका म्हशीच्या मागे खांद्यापर्यंत हात घालून उभा. आपल्याला बघून तिथूनच म्हणाला, "आजी, मी म्हशींचा डॉक्टर." तुम्ही म्हणालात, "मगे ह्येका लहान म्हस समजा." तो हसला, हात धुतला. दोनदा धुवायला लावलात तुम्ही. मग तबेल्याच्या भय्याने पुढचे पाय धरले, मी मागचे. बँकेत नेसून गेलेली साडी शेणात. आणि त्याने जबड्यात लाकडाचा तुकडा अडकवून चिमट्याने काटा उपसून काढला. बाळूने आधी डॉक्टरचा हात चाटला, मग तुमचा, मग म्हशीचं शेपूट.

पैसे किती म्हटल्यावर त्याने म्हशीच्या व्हिजिटचे सांगितले. तिथे तुम्ही घासाघीस केलीत. "म्हशीचा तोंड केवढा, ह्येचा केवढा!" मी लाजेने अर्धी झाले. तरी जे काही दिलं ते रेशनच्या पैशांतून दिलं, आणि त्या महिन्यात साखर शेजारून आणली.

एक सांगायचं राहिलं. तबेल्यात, काटा निघायच्या आधी, तुम्ही गाऱ्हाणं घातलंत. गाऱ्हाणं म्हणजे तुमच्याकडे देवाला मोठ्याने घातलेलं साकडं. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा. तुमच्या गावात ते पुरुषाने घालायचं असतं म्हणे. पण मामंजी गेल्यापासून घरात तुम्हीच घालायचात, आणि कुणी नाक मुरडलं की म्हणायचात, "देव बहिरो नाय, बायलेचाय आयकता." भय्या, डॉक्टर, म्हशी, सगळ्यांसमोर तुम्ही पदर सारखा केलात आणि सुरू झालात. "बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! ह्या मुक्या जनावराच्या गळ्यात काटो अडाकलो हा, तो मोकळो कर म्हाराजा!" आणि थांबलात. इथे "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी बाळूचे पाय धरून गप्प. मला त्या सगळ्याची लाज वाटत होती. त्यात खोटं कशाला सांगू? शेवटी तुम्हीच पुटपुटलात, "व्हय म्हाराजा."

पुढे घरातसुद्धा तसंच. दिवाळीला, शिमग्याला, विलासला मरोळच्या कारखान्यात पॅकिंगची नोकरी लागली तेव्हा. तुम्ही गाऱ्हाणं घालायचात, विलास "व्हय म्हाराजा" म्हणायचे, आणि तुम्ही पुढचं वाक्य बोलायच्या आधी जरासं थांबायचात. माझ्यासाठी. मी कधी म्हटलं नाही. तुम्हीही थांबायचं कधी सोडलं नाहीत.

तर वाटा. पुढच्या पगाराला तुम्ही जमिनीवर बसून बाजारात मांदेलीचे वाटे लावतात तसे माझ्या पगाराचे वाटे लावलेत. भाडं, रेशन, गावाला पाठवायचे, माझं जाणं-येणं. आणि शेवटी एक बारीकसा वाटा वेगळा सरकवलात. "ह्यो बाळूचो."

माझं डोकं फिरलं. घरात एक कमावती, आणि कुत्र्याला वाटा! तुम्ही शांतपणे सांगितलंत की तुमच्या गावात रान उठवून डुक्कर मारतात तेव्हा बंदूकवाल्याचा वाटा वेगळा, हाकाऱ्यांचा वेगळा आणि कुत्र्याचा वेगळा. "ह्यो घर राखता. तेचो वाटो तेका. दुखला-खुपला तर कोणाकडे हात पसरूक नको."

मी म्हटलं, ठीक आहे, बाजूला टाकायचेच असतील तर डब्यात कशाला? बँकेत टाका. व्याज मिळेल. महिन्याला ठराविक भरायचं, वर्षाने एकरकमी हातात. मी चांगलं तासभर समजावलं असेल. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "तुझ्या बँकेत कुत्र्याचा खाता काडतत?"

"नाही. माझ्या नावावर काढू."

"मगे ता तुझा झाला. तेचा खंय?"

बिस्किटांचा पत्र्याचा डबा देवाच्या फळीखाली गेला तो तिथेच राहिला. मला आजही वाटतं बँक बरी होती. इतक्या वर्षांचं व्याज काही थोडं नाही. हे मी तुम्ही असताना बोलत होते, तुम्ही गेलात म्हणून फिरवणार नाही.

आणि एक माझंही सांगते, मंडळालाही कळू दे. सांताक्रूझचा डॉक्टर मी शोधला. बँकेत एक बाई यायच्या, पोमेरेनियन कुत्र्याचे केस साडीवर घेऊन. त्यांना विचारून पत्ता काढला. खास कुत्र्या-मांजरांचा दवाखाना, दारावर बोर्ड, बसायला खुर्च्या. रिक्षाही थेट जाते. मी म्हटलं, बाळूला दरवर्षी पिसाळण्याविरुद्धची लस द्यायची आणि म्युनिसिपालिटीचा बिल्ला गळ्यात घालायचा. तुमचं म्हणणं, "दुखणा नाय, खुपणा नाय, सुई कित्याक?" मी म्हटलं, दुखल्यावर जेवढे जातात त्यापेक्षा न दुखण्यासाठी कमी जातात. हेच तर पैशाचं नियोजन. तुम्ही "नियोजन" हा शब्द आठवडाभर चाळीत फिरवलात. "आमच्या बाळूचा नियोजन आसा हां आयतवारी."

त्या दवाखान्यात तुम्ही काथ्याची दोरी धरून बसलेल्या, शेजारच्या बाईंच्या मांडीवर टॉवेल, टॉवेलवर गोंडस पिल्लू. टेबलावरच्या मुलीने विचारलं, "ब्रीड?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, "जात विचारतेय." तुम्ही छाती काढून सांगितलंत, "मालवणी." तिने तेच लिहून घेतलं. मग आतून हाक आली, "बाळू परब!" आणि आई, तुमचा चेहरा! आपल्या आडनावाने कुत्र्याला पुकारलं म्हणून तुम्ही चिडाल असं मला वाटलं. तुम्ही उठलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "चला परब, तुमका बोलावतत."

दोन वर्षांनी आपल्या गल्लीत पिसाळलेलं कुत्रं शिरलं. चार-पाच कुत्र्यांना चावलं, बाळूलाही. म्युनिसिपालिटीची गाडी आली, बाकीच्यांना घेऊन गेली. बाळूला मी सांताक्रूझला नेलं, डॉक्टरांनी जखम धुतली, वरून आणखी सुया दिल्या, काही आठवडे बांधून ठेवायला सांगितलं. त्याला काही झालं नाही. तुम्ही मला "बरोबर होतं तुझं" असं काही म्हटलं नाहीत. तुमच्याकडून ती अपेक्षाही नव्हती. पण त्या पगाराला बाळूचा वाटा जरा फुगलेला दिसला. तेवढंच. मला तेवढं पुरलं होतं.

गाठ तुम्हाला हाताला लागली. आंघोळ घालताना. आधी लिंबाएवढी, मग वाढली. सांताक्रूझच्या डॉक्टरांनी दाबून पाहिली, माझ्याशी बोलले. कापून काढता येईल. पण वय झालंय, भूल सोसेल की नाही सांगता येत नाही, खर्चही बराच. नाहीतर दुखणं वाढलं की एक सुई, त्याला कळणारही नाही. विचार करा म्हणाले. मी केला. मला वाटलं, म्हाताऱ्या जीवाला फाडायचं, टाके घालायचे, त्यातून वाचला तर किती दिवस? आणि डब्यातलं सगळं त्यात घालायचं? मी रविवारी सकाळी, तुम्ही तांदूळ निवडत होतात तेव्हा, स्पष्ट सांगितलं. सुईच बरी.

तुम्ही सूप खाली ठेवलंत. "मीय म्हातारी झालंय. माकाय सुई देशीत?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता. तुमची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी ता सांग. शिकलंस मगे, सांग."

मी उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतं म्हणून नाही, होतं. पण ते तुमच्या तोंडावर बोलायला मला जमलं नसतं. तुम्ही माझ्या कोण होतात ते मी कधी तुमच्याशी बोललेच नव्हते, तर तांदूळ निवडताना अचानक कुठून सुरुवात करणार? मी पिशवी घेऊन भाजीला गेले. परत आले तर तुम्ही भिंतीला टेकलेल्या, हात छातीवर. "जरा जळजळता." बाळू तुमच्या पायाशी उभा, बसत नव्हता.

रविवारची दुपार, आई. सगळे दवाखाने बंद. विलास रिक्षा आणायला धावले. मी डॉक्टर आणायला. आपल्या डॉक्टरांचं शटर खाली. त्यापुढचं खाली. त्यापुढच्याला कुलूप, "सायंकाळी सहा" अशी पाटी. ज्या ओळीतून आपण काट्यासाठी फिरलो होतो तीच ओळ. आणि त्या क्षणी, तुम्हाला सांगायला लाज नाही वाटत, माझे पाय हायवेकडे वळले. तबेल्याकडे. म्हशींचा डॉक्टर रविवारी येतो हे मला माहीत होतं. मी रस्ता अर्धा ओलांडला होता. मग विलासची हाक आली. तशी हाक मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकली नव्हती. मी वळले.

कुत्र्यासाठी आपण दोघींनी दोन डॉक्टर शोधले. एक तुम्ही, एक मी. तुमच्यासाठी मला एक सापडला नाही. हे वाक्य मी मनात किती वेळा लिहून खोडलं. शेवटी राहू दिलं. दुसरं काही लिहिलं तर ते सजवलेलं होईल.

मग घर भरलं. गावाहून तुमचे भाऊ, सोनूमामा आले. तेराव्याला पन्नास पानं. गुरुजींचं, भांड्यांचं, मंडपाचं. विलासचे हात रिकामे. माझी बँकेतून उचल मिळायला दोन दिवस लागणार होते. सगळ्यांसमोर विलास फळीखाली वाकले आणि बिस्किटांचा डबा बाहेर काढला. म्हणाले, "आईचेच पैसे. आईच्याच कार्याला लागू देत."

मी म्हटलं, "ठेवा तो."

"अगं, पण..."

"ते आईंचे नाहीत. बाळूचे आहेत."

कुणीतरी हसलं. विलास हळू आवाजात म्हणाले, "तूच तर त्याला सुई द्यायची म्हणतेस. मग ठेवायचे कशाला?" बरोबर होतं त्यांचं. पण मी बँकेत काम करते. खातं ज्याचं, पैसा त्याचा. तो वाचतो की मरतो यावर ते ठरत नाही. खातेदार अजून दारात बसलाय, श्वास घेतोय, आणि त्याच्या खात्यातून दुसऱ्याच्या जेवणावळी घालायच्या? कुठल्याही काउंटरवर मी हे होऊ दिलं नसतं. मी हे असंच, याच शब्दांत बोलले. पन्नास पानांच्या काळजीत असलेल्या माणसांना ते कसं वाटलं असेल ते वाटो.

सोनूमामा कोपऱ्यात सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली. "तेचो वाटो आसा तो?"

"हो. आई दर महिन्याला काढायच्या."

त्यांनी विलासला हाताने खूण केली. "मगे ठेय तो डबो. वाट्याक हात लावू नको. कुत्र्याचो वाटो कोण खाणा नाय." आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले, जसं काही घडलंच नाही. पैसे त्यांनी आणि बाकीच्यांनी मिळून घातले. उचल मिळाल्यावर मी फेडले.

तेराव्याच्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी डबा उघडला. पहिल्यांदाच. नोटा, नाणी, वर तुमची नेहमीची सुरळी करून खोचायची सवय. ऑपरेशनला जवळजवळ पुरतील असे, थोडेच कमी. थोडे मी घालणार आहे. दान नाही हां. उसने, बाळूला. तो राखण करून फेडेल.

तुम्ही जिंकलात असं समजू नका. डॉक्टर जे म्हणाले त्यातला एक शब्द बदललेला नाही. वय तेवढंच, भूल तेवढीच धोक्याची. कदाचित उद्या आम्ही रिकामी दोरी घेऊन परत येऊ, आणि तेव्हा मी तुमच्यावर खूप रागावेन. पण ज्याचा वाटा आहे त्याच्यावर तो खर्च व्हायचाय. तो ज्यासाठी काढला होता तो दिवस आलाय, आणि मी "परवडत नाही" म्हणू शकत नाही, कारण परवडेल अशी सोय तुम्ही आधीच करून ठेवलीत. नियोजन, आई. माझाच शब्द. तुम्ही चाळभर हसलात त्याला, आणि डब्यात करत राहिलात.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुमची गोष्ट वेगळी कशी? वेगळी अशी, की माझ्या आईने मला शिकवलं, पण भांडण माझ्याशी तुम्ही केलंत. बरोबरीने. शिकलेली म्हणून मला कुणी घाबरायचं, कुणी मान द्यायचं, तुम्ही मात्र वाद घालायचात. तुमच्यासाठी मी कुठल्याही डॉक्टरच्या पाया पडले असते. म्हशींच्यासुद्धा. एवढंच. इतकं सोपं होतं.

उद्या सकाळी सांताक्रूझ. रिक्षा सांगून ठेवलीय. निघायच्या आधी नारळ ठेवायचा आहे, आणि विलास म्हणतात, "मला गाऱ्हाणं येत नाही, मी फक्त व्हय म्हणायचो." सोनूमामा गावी गेले. तेव्हा मी घालणार आहे. मालवणी मला येत नाही, माझ्या पुस्तकी मराठीत घालेन. देव बहिरा नाही, तुम्हीच म्हणायचात. आज दुपारी ओट्याशी उभी राहून एकदा म्हणूनही पाहिलं. सुरुवातीला देवांना हाक, मग घरच्या साऱ्या पूर्वजांना. तिथे मी अडले. पूर्वज म्हणजे मला आजवर कुणीतरी जुनी, न पाहिलेली माणसं वाटायची. आता त्यांत तुम्ही आहात.

तरी उद्या म्हणेन. बा देवा महाराजा, आणि आमच्या घरच्या सगळ्या गेलेल्या माणसांनो, हा बाळू परब. याने घर राखलं. याचा वाटा याला मिळू दे. याला सुखरूप घरी आणा महाराजा.

विलास दारातून "व्हय म्हाराजा" म्हणतील. बाळू शेपटी फरशीवर आपटेल. आणि मी लगेच दोरी उचलणार नाही, आई. तुमच्या चटईकडे बघून जराशी थांबेन. तुम्ही माझ्यासाठी थांबायचात, तेवढी.